जाड तार

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सकाळी विहारात जाऊन आले आणि त्याच पांढऱ्या साडीत शेडवर गेले. वेल्डिंगच्या शेडमध्ये पांढरी साडी नेसून जाणारी साखरखेर्ड्यातली मी पहिलीच बाई असेन. पण वेल्डिंगच्या शेडमध्ये जाणाऱ्या बायाच मुळात आमच्या गटाच्या, त्यामुळे हा विक्रम फार मोठा नाही.

बचत गट म्हटलं की लोक आधी पापड मागतात, मग लोणचं, आणि दोन्ही नाही म्हटलं की कीव करतात. आम्हीही पापड लाटले. पुढे तालुक्यात पापड खाणाऱ्यांपेक्षा पापड लाटणारे गट जास्त झाले, तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आता लोखंडाचं पाहू." अन्नपूर्णाबाई गटाच्या अध्यक्ष. शेड त्यांची, रस्त्याकडची जागा त्यांची आणि आवाजही त्यांचाच. मी सचिव, कारण माझं अक्षर चांगलं आहे. वेल्डिंग खरं येतं ते पूनमला. प्रशिक्षणाला आम्ही बाकीच्या चहा-नाश्त्यासाठी गेलो होतो, ती शिकायला गेली होती.

आज नव्या मशीनची पूजा. मशीनचं कपाळ कुठलं, यावर थोडा खल झाला. बाहेरचा पत्रा अन्नपूर्णाबाईंना पटेना. "वरवर कायले? जिथून काम होते तिथं लागलं पाह्यजे," म्हणून त्यांनी बाजूचं झाकण उघडलं. आत जाड तारेचं रीळ, जी तार वितळून सांधा भरते तिचं, नव्या तांब्याच्या गडव्यासारखं झळकत बसलेलं. त्यावर हळद, कुंकू, अक्षता, आणि मग नारळ फोडून त्याचं पाणी, सढळ हाताने. रिळाची आंघोळच झाली. बारीक तारेचं रीळ कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतं. त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, बिचारं.

मी दाराशी उभी होते. पूजेत मी हात जोडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि नाक मुरडत नाही हेही. या दोन गोष्टींवर आमचा गट टिकून आहे. खोबरं घेतलं. गोड होतं.

५ ऑक्टोबर

पहिलं काम आलं. खिडकीची जाळी. पूनमने जाड तारेचं रीळ उतरवून फळीवर ठेवलं आणि बारीक तारेचं चढवलं. पातळ पट्टीला बारीक तार, जाड लोखंडाला जाड. उलटं केलं तर पातळ पट्टीला भोक पडतं आणि जाड लोखंड तार वरच्यावर धरून ठेवतं, आत काही घेत नाही. आमच्या गावातल्या अर्ध्या पुढाऱ्यांना हेच लागू आहे. समोरचा किती जाड हे न बघता सगळ्यांना एकच भाषण.

जाळी इतकी सुंदर झाली की गिऱ्हाइकाने सांध्यावरून बोट फिरवून विचारलं, "हे मशीननं केलं का पूनमनं?"

पूनम म्हणाली, "दोघींनी."

९ ऑक्टोबर

पिठाच्या चक्कीचं काम. वरचं धान्याचं नरसाळं स्टीलचं, खालचा स्टँड लोखंडाचा, दोन्ही जोडायचे. पूनम म्हणाली, यासाठी आपल्याकडची कुठलीच तार चालणार नाही. म्हणून मी मेहकरला गेले. धम्मरत्न, म्हणजे माझा नवरा, तिथे एसटीत कंडक्टर आहे. त्याची ड्यूटी सुटली होती, तो सोबत आला.

"स्टील आणि लोखंड एकमेकांना जोडायचंय. त्याची तार द्या," मी म्हटलं.

दुकानदाराने धम्मरत्नकडे पाहिलं. "भाऊ, मशीन कोणती हाय तुमची?"

"माही तिकिटाची हाय," धम्मरत्न म्हणाला. "वेल्डिंगची हिची हाय."

तरीही दुकानदार सगळं त्यालाच समजावत राहिला. मी दुकानातलं एक स्टूल असल्यासारखी उभी होते. पण ऐकून घेतलं. स्टील आणि लोखंडाच्या सोयरिकीला तिसरीच तार लागते. लोखंडाची घातली तर जोड ठिसूळ होऊन तडकतो. तिसरीत स्टीलचा मालमसाला नेहमीच्या स्टीलच्या तारेपेक्षाही जास्त असतो, त्यामुळे लोखंडाने त्यातला थोडा खाऊन टाकला तरी पुरेसा उरतो.

शेडवर आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी रीळ हातात घेऊन पाहिलं. "दोघायच्या मधात ही तिसरी कायले?"

मी सांगितलं.

"म्हंजे मधात पडनाऱ्याजवळ दोघायपेक्षा जास्त पाह्यजे," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

हेच मी म्हटलं असतं तर ते भाषण झालं असतं. त्यांनी म्हटलं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

१४ ऑक्टोबर

उत्तमरावांची ट्रॉली आली. उत्तमराव अन्नपूर्णाबाईंचे चुलतदीर. गावातला मोठा शेतकरी म्हणजे ज्याचं स्वतःचं मत असतं आणि इतरांचंही तोच सांगतो. ट्रॉलीची पुढची दांडी, जी ट्रॅक्टरला अडकवतात, ती सांध्यावर चिरली होती.

"वयनी, कापूस येचायच्या बाया यातच बसून जातेत. पक्कं करा," ते म्हणाले. "पापडासारखं पातळ लाटू नका."

"भाऊजी, पापड तुम्हाले पचले, हेही पचीन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

काम जाड, म्हणून जाड तारेचं रीळ पुन्हा चढलं. दसऱ्याचं हळदकुंकू अजून लागलेलं होतं. पूनमने फडक्याने पुसलं. मग सुरू झालं ते वेल्डिंग नव्हतं, खोकला होता. मशीन ठसकत होतं, ठिणग्या उडत होत्या, आणि सांध्यावर मुंगीच्या वारुळासारखी बारीक भोकं. पूनमने घासून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. शेवटी वरचा थर बरा दिसला. लाल रंग मारला. उत्तमराव ट्रॉली घेऊन गेले.

पूनम रंगाचा डबा तसाच हातात धरून उभी होती.

"ताई, मले बरोबर नाई वाटून राह्यलं."

मी म्हटलं, पहिलंच जाड काम आहे, सवय होईल. मला काय कळतं? माझं फक्त अक्षर चांगलं आहे.

१७ ऑक्टोबर

भंगाराच्या जाड पट्ट्यांवर करून पाहिलं. पुन्हा भोकं. वितळत्या सांध्याला हवा लागू नये म्हणून मशीन गॅस सोडतं, तो वाऱ्याने उडून जात असेल म्हणून दारावर जुनी गोधडी टांगली. गोधडीला ठिणगी लागून ती पेटली, भोकं तशीच. गॅसची टाकी बदलली. बारीक तार लावून पातळ पत्र्यावर केलं, तर मोत्यासारखं काम!

यावरून गावाने निकाल काढला आहे. पातळ काम बायांचं, जाड काम माणसांचं. उत्तमरावांनी तर तोडगाही सांगितला, "चिखलीचा एक मिस्तरी हाय माह्या ओळखीचा. जाड कामाले तो ठेवा, पूनमले जाळ्या करू द्या."

मिस्तरी आला की शेड त्याची होईल आणि आम्ही चहा करू. हे मला दिसतंय. अन्नपूर्णाबाईंना दिसतंय की नाही कोण जाणे. त्या फक्त म्हणाल्या, "पूनम, सध्या तू जाड कामाले हात लावू नको." पूनमने हातमोजे काढून खिळ्याला अडकवले आणि ती घरी गेली.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पाऊस झाला, नको तेव्हा. वावरात चिखल, वेचणी थांबलेली, उत्तमरावांची ट्रॉली गोठ्यासमोर उभी.

आज शेडमध्ये एकटी होते. झाडताना फळीवरचं जाड तारेचं रीळ खाली घेतलं. वरच्या वेढ्यांवर लाल ठिपके दिसले. मला वाटलं कुंकू. नखाने खरवडलं. कुंकू निघालं, ठिपका राहिला. तो गंज होता. काही ठिकाणी तांब्याचा मुलामा हिरवट पडलेला, चिंच न लावलेल्या भांड्यासारखा. वरचे वेढे सोडवत गेले. आतली तार स्वच्छ, झळझळीत.

पूजेचं पाणी जिथवर पोचलं तिथवर गंज. पुढे नाही.

मी खाली बसले. म्हणजे वारा नाही, गॅस नाही, पूनमचा हात नाही, बाईपण तर नाहीच. नारळ.

आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. हे सांगायचं कोणी? पूनमने सांगितलं तर ती आपली चूक पूजेवर ढकलतेय असं होईल. मी सांगितलं तर ते माझं मत होईल. "पाह्यलं, हिले पूजा खुपतेच." इतकी वर्षं मी दाराशी उभी राहून, खोबरं खाऊन, तोंड मिटून जे सांभाळलं, ते एका वाक्यात जाईल. गट त्यांच्या आणि आमच्या अशा दोन आळ्यांत वाटला जायला नारळाचं पाणीसुद्धा लागत नाही.

वरची गंजलेली तार गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी घरी आणली. का आणली, माहीत नाही. चोर चोरीचा माल आणतो, मी पुरावा आणला.

२६ ऑक्टोबर

पूनमला बोलावून आतल्या तारेवर करून पाहायला लावलं. तिला म्हटलं, अशीच, सरावासाठी. जाड पट्टीवर सरळ, भरीव सांधा. एकही भोक नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तार बदलली?"

"नाही गं, तीच आहे."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. लेखी कामात मी हे पुष्कळ केलेलं आहे.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आल्या. सांधा पाहिला. हातोडा घेऊन स्वतः ठोकून पाहिला, निघाला नाही. मग रिळाकडे पाहिलं, जे आता जरा बारकं दिसत होतं. मग माझ्याकडे.

"दीपमाला, तुले काही म्हणायचं हाय काय?"

"नाही काकू."

"पाह्य बरं. असंन तं म्हण."

हा त्यांचा नेहमीचा अध्यक्षीय टोमणा. मी सभेचा विषय सांगत नाही असं त्यांना वाटतं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिल्या. चहासुद्धा मागितला नाही. उन्हामुळे डोकं दुखत असेल.

२९ ऑक्टोबर

माझी जाऊ रुख्मिणी सकाळी कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओट्या शिवून घ्यायला माझ्याकडे आली. जुन्या लुगड्याच्या. वावर सुकलं, सोमवारपासून उत्तमरावांकडे वेचणी, आपल्या आळीतल्या साऱ्या बाया ट्रॉलीतच जाणार, असं सांगत होती. शिवणाच्या मशीनची सुई चालत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे ती लाल दांडी. पूनम पुढचं काम चांगलं करील, शेड चालेल, कोणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात मी दांडी धरलीच नव्हती. खरं तर धरली होती, पण ती उभ्या ट्रॉलीची धरली होती.

ट्रॉली उतारावर असेल, आत बाया असतील, आणि तो सांधा आतून पोकळ.

रुख्मिणीला म्हटलं, ओट्या ठेवून जा. पिशवी घेतली आणि अन्नपूर्णाबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी पिशवी त्यांच्यासमोर उपडी केली. गंजलेल्या तारेची गुंडाळी बाहेर पडली.

"हे वरचे वेढे. दसऱ्याला यावर पाणी पडलं. आतली तार चांगली आहे. पूनमचा हातही चांगला आहे. उत्तमरावांची दांडी या गंजलेल्या तारेने जोडलेली आहे."

सगळं एका दमात. त्यांनी तार उचलली. बोटांनी चोळली, बोटं पाहिली.

"पाणी म्या टाकलं."

त्यांनी तार खाली ठेवली.

"कवा समजलं तुले?"

"शुक्रवारी."

"मंग शुक्रवारपासून काय करून राह्यली होती तू?"

"मला वाटलं, मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल..."

"काय म्हणीन? पूजेले नावं ठेवते म्हणीन?"

"हो."

अन्नपूर्णाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "म्हटलंच असतं. दोन दिवस तोंड पाह्यलं नसतं तुहं. पन दांडी तं त्याच दिवशी सोडवून आनली असती ना वं?"

मी तारेची गुंडाळी पुन्हा पिशवीत भरली.

"मले वाटतच होतं काही तरी पानी मुरते म्हणून," त्या उठत म्हणाल्या. "तुले इचारलंही. तू नाई म्हणाली. चाल आता, भाऊजी जेवाले बसायच्या आंधी गाठू."

३० ऑक्टोबर

ट्रॉली शेडवर आली. उत्तमरावांसोबत अर्धं गाव. बायांची चूक पाहायला आमच्याकडे निमंत्रण लागत नाही.

पूनमने ग्राइंडर घेतला आणि लाल रंगावरून सांधा आडवा कापला. आत जाळी. अनारशाला पडते तशी, सुंदर, एकसारखी. उत्तमराव वाकून बघत राहिले. मग त्यांनी बोट घातलं आणि लगेच काढलं.

"यावर बाया बसणार होत्या," ते म्हणाले. पहिल्यांदाच स्वतःशी.

मग भानावर आले. "म्हटलं होतं ना वयनी, जाड काम..."

"हात पोरीचा चांगला हाय. तार म्या बिघडवली," अन्नपूर्णाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पूजा म्या केली, नारळाचं पानी रिळावर म्या टाकलं. तारेले गंज चढला."

मागून कोणीतरी म्हणालंच, "पूजेनं कुठं काम बिघडते काय, काकू?"

"पूजेनं नाई रे बाप्पा, पान्यानं. पोथीची पूजा करतो आपन, तं तिच्यावर घागर उपडी करतो काय? आंधी इचार करायचा होता, म्या केला नाई. संपलं."

हे मला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी माझ्या तोंडी चाललं नसतं. मी फक्त रीळ धरून उभी होते.

पूनमने खिळ्यावरचे हातमोजे काढले. जुना सांधा मुळापासून घासून काढला, कडा उतरत्या केल्या, दांडी आधी तापवली. मग आतली स्वच्छ तार. मशीन खोकलं नाही. एकसारखा, तेलात पुरी टाकल्यासारखा आवाज. एक थर, घासणं, दुसरा थर. सांध्याला दोन्हीकडून पट्ट्याही मारल्या. तोवर कोणी हललं नाही.

आणखी एक पट्टी तिने तशीच जोडली आणि उत्तमरावांच्या हातात हातोडा दिला. त्यांनी ठोकली. पट्टी वाकली, सांधा सुटला नाही. पुन्हा ठोकली. हातोड्याचा दांडा निसटला.

"मिस्तरीले सांगू काय मंग चिखलीच्या?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"कायले?" उत्तमराव म्हणाले. "हातोड्याले दांडा बसवाले?"

रंग मात्र त्यांनी आज मारू दिला नाही. उघडा सांधा दिसू द्या म्हणाले.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ट्रॉली आमच्या आळीच्या तोंडाशी आली. मी रुख्मिणीला ओट्या द्यायला गेले होते. बाया चढत होत्या, डबे, पाण्याच्या कॅन, हसणं-खिदळणं. एक जण दांडीवरच्या उघड्या सांध्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच तुटलं होतं काय वं?" आणि चढायची थांबली. तिच्यामागच्याही थांबल्या. रुख्मिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं पक्कं आहे. माझ्या आवाजावर कोणी चढेल असं मलाच वाटलं नाही.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई चालत आल्या, हातात काठी. मला वाटलं उत्तमरावांशी काही बोलायचं असेल. त्या सरळ ट्रॉलीशी आल्या, काठी आत फेकली, चाकावर पाय दिला आणि वर चढल्या. त्यांना मी कधी ट्रॉलीत पाहिलेलं नाही. त्यांच्या घरच्या बाया वावरात जातात त्या गाडीने, आणि आमच्या आळीतल्यांसोबत तर कधीच नाही. त्या पुढच्या कडेला, दांडीच्या अगदी वर, फळीवर बसल्या आणि पदर सारखा केला.

"चढ," मला म्हणाल्या.

"काकू, मला शेडवर काम आहे."

"शेड पळून जात नाई. चढ म्हणते ना."

मी चढले. मग बाकीच्याही चढल्या. उत्तमरावांनी मागे वळून पाहिलं. ट्रॅक्टर निघाला. ओढ्याच्या उताराला ट्रॉलीने मोठा गचका खाल्ला, दांडी कुरकुरली, आणि अन्नपूर्णाबाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. पलीकडे सपाट रस्ता लागला तरी सोडलं नाही. रुख्मिणीने त्यांना पान पुढे केलं, ते त्यांनी दुसऱ्या हाताने घेतलं आणि खाल्लं.

त्या आज सकाळी तिथे कशाला आल्या, हे मी परत येईपर्यंत स्वतःला विचारत होते. सांध्यावर वजन किती पडतं ते बघायचं असणार. अध्यक्ष आहेत, खात्री केल्याशिवाय राहवत नाही त्यांना. माझी चांगली साडी मात्र ट्रॉलीतल्या मातीने गेली. मनगटावर त्यांच्या बांगड्यांचे वळ अजून आहेत.